स्त्री-आरोपी आणि जामिनाचा प्रश्न

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात वकिलाला व्यासपीठ द्यावे आणि वकिलाने साहित्य सोडून जामिनावर बोलावे, हे काहींना विसंगत वाटेल. पण वाचनालय म्हटले की वर्तमानपत्रांचे टेबल आले आणि त्या टेबलावर गुन्ह्यांच्या बातम्याही आल्या. बातमीतील आरोपी स्त्री असली की ती बातमी दोनदा वाचली जाते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. ‘पतीच्या खुनाबद्दल पत्नी अटकेत’ हे शीर्षक ठळक टाइपात येते. पुढे केव्हातरी तिला जामीन मिळाला, तर आतल्या पानावर चार ओळी येतात आणि पारावर निकाल लागतो, की बाई म्हणून सोडली. खरोखर बाई म्हणून सोडतात काय? सोडताना न्यायाधीश काय पाहतात? आणि सुटल्यावर ती बाई जाते कोठे? या शेवटच्या प्रश्नाकडे कोणी फारसे वळत नाही. माझा रोख मुख्यतः त्याच्यावर आहे.

नंदगडकरांना कैद आणि फाशी या शब्दांची ओळख करून द्यावी लागत नाही. २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णाला याच गावच्या भूमीवर फाशी दिले गेले. ज्या राणीसाठी तो लढला ती कित्तूरची चन्नम्मा १८२४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती सापडली आणि बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असतानाच १८२९ साली वारली. जिंकणाऱ्याच्या मर्जीवरची ती कैद होती. तिला मुदत नव्हती आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. आज आपल्याकडे जे आहे ते यापेक्षा मुळातच निराळे आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानायचा, या तत्त्वातून जामिनाची कल्पना निघते. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, आणि शिक्षेतील सूटही नव्हे. खटल्याला हजर राहण्याच्या हमीवर आरोपीला घरी राहू देणे, एवढाच त्याचा अर्थ. खटले चार-चार, सहा-सहा वर्षे चालतात म्हणून या ‘एवढ्याच’ला एवढे महत्त्व आले आहे.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगितली आहे, त्यात आरोपीविरुद्ध सकृद्दर्शनी सबळ कारण दिसले तर जामीन देऊ नये, असा सर्वसाधारण नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३७ व्या कलमात होता. त्यालाच एक परंतुक जोडलेले होते. आरोपी सोळा वर्षांखालील असेल, स्त्री असेल, आजारी किंवा दुर्बल असेल, तर न्यायालय त्यास जामिनावर सोडण्याचा आदेश देऊ शकेल. हे काही १९७३ साली सुचलेले नव्हते. ब्रिटिश आमदानीतल्या जुन्या संहितेच्या ४९७ व्या कलमातूनच ते पुढे आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४८० व्या कलमात ‘सोळा वर्षांखालील’च्या जागी ‘बालक’ हा शब्द आला. स्त्री मात्र जिथे होती तिथेच राहिली, म्हणजे बालक आणि आजारी यांच्या मध्ये.

या शेजाराबद्दल पुष्कळांचा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. कायदा करणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांपुढे अबला होती, हे उघड आहे. पण संविधान आल्यावर या तरतुदीला दुसरा आधार मिळाला. अनुच्छेद १५ च्या तिसऱ्या खंडाने स्त्रिया व बालके यांच्यासाठी राज्याला विशेष तरतूद करता येते. राजस्थान उच्च न्यायालयाच्या चोकी खटल्यात, १९५७ च्या निर्णयसंग्रहात तो आहे, खुनाचा आरोप असलेल्या स्त्रीला जामीन देताना याच खंडाचा आधार घेतला गेला. तिच्या मागे लहान मुलगा होता आणि त्याला सांभाळणारे कोणी नव्हते, ही गोष्ट न्यायालयाने विचारात घेतली. ती अबला आहे की सबला, या वादात न्यायालयाला शिरावे लागले नाही. ती तुरुंगात गेल्याने घरात काय कोसळते, ते पाहिले गेले. माझ्या मते त्या परंतुकाचे हेच खरे वाचन आहे.

परंतु त्यात ‘शकेल’ असा शब्द आहे, ‘सोडलेच पाहिजे’ असे म्हटलेले नाही. साऱ्या भांडणाचे मूळ या एका क्रियापदात आहे. खानापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खुनाच्या प्रकरणातील स्त्री उभी केली, तर ‘हा विषय सत्र न्यायालयाचा’ असे म्हणून अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक. वास्तविक २००१ साली प्रल्हादसिंग भाटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की मृत्युदंड व जन्मठेपेच्या गुन्ह्यांत दंडाधिकाऱ्याला एरवी जामिनाचा अधिकार नसला, तरी परंतुकात बसणारी प्रकरणे त्याला अपवाद आहेत. म्हणजे दार आहे, पण सहसा कोणी ठोठावत नाही आणि आतून कोणी उघडत नाही. मग बेळगावचे सत्र न्यायालय, आणि तेथे नकार मिळाला तर उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ. ते २००८ साली सुरू झाले आणि २०१३ पासून कायम झाले, म्हणून बंगळूरची वारी वाचली. सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकरांना मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू होईपर्यंत मुंबईच गाठावी लागत होती.

सत्र आणि उच्च न्यायालयांचा जामिनाचा अधिकार वेगळ्या कलमाखाली येतो आणि तो अधिक विस्तृत आहे. तेथे पुरावा वरवर पाहता कसा दिसतो, गुन्ह्याचे स्वरूप काय, आरोपी पळून जाईल काय, साक्षीदारांवर दडपण आणील काय, आत किती काळ गेला आणि खटला संपण्याची आशा किती, हे सारे पाहिले जाते. स्त्री असणे हा या तराजूत टाकायचा एक भार आहे, पण त्याने काटा प्रत्येक वेळी फिरतो असे नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. एम. नागप्रसन्न यांनी २०२२ साली पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीला जामीन दिला, तेव्हा त्यांनी परंतुकाचा स्पष्ट आधार घेतला आणि शिक्षा मृत्युदंडाची असू शकते एवढ्यावरून जामीन नाकारलाच पाहिजे असे नाही, असा अभिप्राय दिला. उलट मुंबईतील इंद्राणी मुखर्जी यांचे गाजलेले प्रकरण पाहा. त्यांना २०१५ च्या ऑगस्टमध्ये अटक झाली आणि भायखळ्याच्या तुरुंगातून त्या मे २०२२ मध्ये बाहेर आल्या. मधल्या काळात त्यांचे अर्ज पुनःपुन्हा फेटाळले गेले. सहआरोपी असलेले त्यांचे माजी पती २०२० सालीच जामिनावर सुटले होते. दोघांवरील आरोपांत फरक होता हे खरे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने अखेर जामीन दिला तो साडेसहा वर्षांच्या कोठडीवरून, आणि उरलेल्या साक्षीदारांपैकी निम्मे वगळले तरी खटला लवकर संपणार नाही हे पाहून. अशा प्रकरणात स्त्रीत्वापेक्षा कॅलेंडर अधिक उपयोगी पडले, असे म्हणावे लागते.

दहशतवादविरोधी आणि अमली पदार्थांच्या कायद्यांत तर स्त्रियांसाठी असे परंतुकच नाही. नागपूरच्या प्राध्यापिका शोमा सेन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि ५ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. आरोपांचे स्वरूप, लांबलेली कोठडी, खटल्यातील विलंब, आणि त्याबरोबर त्यांचे वय व आजार, हे सारे एकत्र तोलले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या प्रकरणातील एका गर्भवतीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातल्या वातावरणातील प्रसूतीचा परिणाम मातेवर आणि मुलावरही होतो, हे त्यामागचे कारण होते. कायद्यात जागा नसली तरी न्यायाधीशाला जागा सापडू शकते, याची ही उदाहरणे. ती सापडेलच याची शाश्वती मात्र कोणी देऊ नये.

अलीकडे एक नवा वाद निघाला आहे. शिकलेली, पदावर असलेली, स्वतःचे हिताहित जाणणारी स्त्री या सवलतीला पात्र आहे काय? आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्यातही ४५ व्या कलमाला असेच परंतुक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये छत्तीसगडच्या एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याचा जामीन नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुशिक्षित व सुस्थितीतील स्त्रियाही गुन्ह्यांत गुंतलेल्या दिसतात, तेव्हा परंतुक सरसकट लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने याच धाग्याने के. कविता यांना जामीन नाकारला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी तो निर्णय फिरवला. स्त्री शिकलेली आहे किंवा लोकप्रतिनिधी आहे, म्हणून तिला परंतुकाचा लाभच नाही असा अर्थ काढणे चूक, असे त्यांनी बजावले. मला हा दुसरा निर्णय योग्य वाटतो. पदवीधर स्त्रीला मुले नसतात, की तिचे आईवडील म्हातारे होत नाहीत? शिक्षणाची शिक्षा व्हावी, हे तर ग्रंथालयात उभे राहून मला मान्य करताच येणार नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपल्या भागातल्या गंभीर प्रकरणांत स्त्री-आरोपी पुष्कळदा सासू किंवा नणंद असते आणि मेलेली असते ती सून. तेथे ‘आरोपी स्त्री आहे’ असे म्हणताना मृत व्यक्तीही स्त्रीच होती याचा विसर पडून कसे चालेल? मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका हुंडाबळी प्रकरणात सासू-सासऱ्यांचा जामीन रद्द केला आणि नणंदांचा कायम ठेवला. घर एकच होते, पण प्रत्येकीचा वाटा वेगळा पाहिला गेला. मृताच्या नातलगांना जामिनाच्या सुनावणीत बोलण्याचा अधिकार आहे, हेही २०२२ सालच्या लखीमपूर प्रकरणात त्याच न्यायालयाने मान्य केले. तेव्हा ‘बाई म्हणून सोडली’ हे पारावरचे विधान सरसकट खरे नाही, याबद्दल शंका नसावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुरुष आरोपी आणि स्त्री आरोपी यांच्यातला मोठा फरक मला कलमांत दिसत नाही, तो घरात दिसतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या एका वाडीतली स्त्री आहे असे समजा. माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. नवऱ्याचा खून झाला आणि दिराच्या फिर्यादीवरून तिला पकडले. दोन मुले, एक चार वर्षांचे आणि एक आठ. चार वर्षांचे तिच्याबरोबर हिंडलग्याच्या तुरुंगात जाईल, कारण २००६ सालच्या उपाध्याय निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ ठेवता येते. देशभरच्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस सुमारे चोवीस हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या दीड हजारांवर स्त्रियांजवळ मुले होती. आठ वर्षांचे मूल मात्र सासरीच राहील. आणि कदाचित तेच मूल त्या रात्रीचे साक्षीदार असेल.

पुरुषाने बाहेर खून केला असे मानले, तर त्याचे घर त्याची वाट पाहत असते. बायको वकिलाकडे खेपा घालते, भाऊ जामीन राहतो, बाप शेताचा उतारा काढून आणतो. आमच्या उदाहरणातल्या स्त्रीचे घर हीच गुन्ह्याची जागा. फिर्यादी घरातला, साक्षीदार घरातले, पोटचे मूलही साक्षीदार. न्यायाधीशांनी ‘साक्षीदारांवर दडपण येईल काय’ हा नेहमीचा प्रश्न विचारला, की तिच्या बाबतीत उत्तर आपोआपच तिच्याविरुद्ध जाते. ती दुसरे राहणार कोठे? जामीन मिळालाच तर पुष्कळदा अट येते, की गावाच्या हद्दीत पाऊल ठेवू नये. पुरुषाच्या दृष्टीने ही गैरसोय आहे. तिच्या दृष्टीने ते घर, मूल आणि उपजीविका या तिन्हींपासून केलेले हद्दपारीचे फर्मान असते. मग माहेर. माहेरी भाऊ असतो, भावजय असते, आणि ‘हिला पुन्हा घरात घ्यायचे का’ हा विचार असतो. तिकडून होकार आला नाही, तर जामिनाचा हुकूम हातात असूनही ती आतच राहते.

हे सारे न्यायालयापुढे येते का? माझ्या व्यवसायबंधूंविषयी थोडे स्पष्ट बोलतो, ते मला क्षमा करतील. स्त्री-आरोपीच्या जामीन अर्जात ‘अर्जदार ही स्त्री असून परंतुकाचा लाभ मिळण्यास पात्र आहे’ असे एक वाक्य असते आणि काम संपते. मुले किती, त्यांची वये काय, ती सध्या कोणाकडे आहेत, माहेरचे कोण तिला ठेवून घ्यायला तयार आहे, त्याचे प्रतिज्ञापत्र कोठे, मुलाची साक्ष होईपर्यंत ती त्याच्यापासून दूर कशी राहील याची काय योजना, यांपैकी काहीही अर्जात नसते. न्यायाधीश कागदावर असेल तेच वाचू शकतात. चोकीच्या प्रकरणात न्यायालयाला मुलगा दिसला, तो कोणीतरी दाखवला म्हणून. परंतुकातला ‘शकेल’ हा शब्द रिकामा आहे. त्यात मजकूर भरण्याचे काम वकिलाचे आणि नातलगांचे आहे.

यापुढची अडचण जामीनदाराची. आपला मुलूख असा, की मुलगी इकडची आणि सासर तिकडचे, ही घराघरांतली गोष्ट आहे. राज्याची सीमा सोयरिकी जुळवताना आडवी येत नाही, कोर्टाच्या पायरीवर मात्र ती आडवी येते. चंदगडचा भाऊ मराठी सातबारा घेऊन आला, की ‘स्थानिक जामीनदार आणा’ असे ऐकतो. स्थानिक म्हणजे कोण? सासरच्या गावचे. म्हणजे पुन्हा दीर आणि त्याची भावकी. तिच्या स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नसते, हे सांगायलाच नको.

हे चालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच मोतीराम प्रकरणात सांगितले आहे. मध्य प्रदेशातल्या त्या गरीब गवंड्याचा जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी विचारले, की जामीनदार याच जिल्ह्याचा हवा आणि कागद याच भाषेतला हवा, असे कोणता कायदा सांगतो? सीमाभागातल्या प्रत्येक न्यायालयाच्या ओसरीवर तो प्रश्न लिहून ठेवावा, असे मला फार वाटते. ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयाने आणखी मार्गदर्शक सूचना दिल्या. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, म्हणून ती अट घालू नये. आणि जामीन मंजूर होऊन महिन्याभरात पूर्तता झाली नाही, तर न्यायालयाने स्वतः होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा. या सूचना माहीत नसलेला कारकून भेटला, तर त्यांची प्रत पुढे करण्याइतके धैर्य नातलगांनी दाखवायला हवे.

शेवटी, जामीन राहण्याला आपली माणसे भितात, त्याविषयी. ‘खुनी बाईला जामीन राहिलो तर खून माझ्या अंगावर येईल’ ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. तसे काही होत नाही. जामीनदार गुन्ह्याची हमी देत नाही, ती निर्दोष आहे असेही म्हणत नाही. ती तारखेला हजर राहील, एवढेच तो सांगतो. ती न आली तर बंधपत्रात लिहिलेल्या रकमेपुरती त्याची जबाबदारी. ती रक्कम अवाजवी असू नये, असेही कायदा सांगतो. पुढे भरवसा उडाला तर अर्ज करून जामीनदारकीतून मोकळे होता येते. जामीनदार मुळीच मिळत नसेल, तर बंधपत्राऐवजी रोख रक्कम भरू देण्याची विनंतीही न्यायालयाला करता येते. वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आरोप खुनाचा असला तरी मिळतो. त्यासाठी तालुका विधिसेवा समितीकडे किंवा बेळगावच्या जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा लागतो. तो तुरुंगातूनही देता येतो, आणि तिच्या वतीने गावातल्या कोणीही लिहून दिला तरी चालतो.